गादी काढलेली खुर्ची

खुर्चीवरची गादी साहेबांनी स्वतःच्या हाताने काढली. हिरव्या मखमलीची, त्यांच्या आईने शिवलेली. ती कपाटावर ठेवली आणि मला म्हणाले, "बस."

मी बसले. खाली नुसता वेत होता, तो साडीतून टोचत होता. साडी साहेबांच्या बायकोने आणून दिलेली. हातात पेन साहेबांचं. टेबलावर पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव आणि खाली प्रोप्रायटर. समोर एका महामंडळाचे दोन अधिकारी बसले होते. अनुसूचित जातीच्या बाईच्या नावावरची कंपनी खरोखर त्या बाईचीच आहे का, हे बघायला आलेले. मला जे पाठ करून दिलं होतं ते मी म्हटलं. किती माणसं कामाला आहेत, कुठे कुठे आमचं साफसफाईचं काम चालतं, पुढे काय विचार आहे. साहेब बाजूला हात बांधून उभे, जणू माझे मॅनेजर. अधिकारी खूश झाले. त्यातला एक जाताना म्हणाला की बाई, तुमच्यासारख्या अजून पुढे आल्या पाहिजेत.

ते जिना उतरले. साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं, गाडी वळेपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "ऊठ आता. आणि सगळ्यांना चहा टाक."

मी उठले. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि वेत पुसला. नीट पुसला, कोपऱ्यांतून. गादी खाली घेतली, झटकली, जागेवर ठेवली आणि वर बसले.

ऑफिसात हशा झाला. कोणीतरी म्हणालं, मालकीणबाई, माझ्या चहात साखर कमी. त्या दिवसापासून सगळे मला मालकीणबाईच म्हणायला लागले. मीही हसले होते. रुमालापेक्षा त्या हसण्याचा मला आज जास्त राग येतो.

माझं नाव त्यांच्या हातात गेलं कसं ते सांगते.

नवरा वारला तशी मी लालबागला आईकडे परत आले. बाप गिरणीत होता. तो गेल्यावर त्याची चाळीतली खोली माझ्या नावावर झाली. साहेबांच्या कंत्राटावर मी भायखळ्याच्या एका सरकारी इमारतीत झाडू मारायची. बारावी झालेली आहे म्हटल्यावर त्यांनी मला दादरच्या ऑफिसात घेतलं. फायली लावायच्या, चहा करायचा, बँकेत जायचं. साहेब वाईट बोलणारे नव्हते, शिवी तर कधीच नाही. दरवर्षी जयंतीला आमच्या चाळीत यायचे, पुतळ्याला हार घालायचे, वर्गणीची पावती फाडायचे, माइकवर बोलायचे. "आमच्या घरात जातपात नाही" हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की त्यांच्या घरात दुसरा विषयच निघत नसावा असं वाटायचं.

मग एक दिवस त्यांना माझी जात लागली. जातीचा दाखला आण म्हणाले, पॅन आण, आधार आण. सरकारी टेंडरमध्ये तुमच्या लोकांसाठी वाटा राखून ठेवलेला असतो, अनामत भरायला लागत नाही, तुझ्या नावाने कंपनी काढू. काम मी बघेन, नाव तुझं होईल. कंपनीचं नाव काय ठेवायचं तेही त्यांनी मलाच विचारलं. मी आईचं नाव सांगितलं. आईचं नाव आणि पुढे एंटरप्रायझेस. ते नाव मी इथे लिहिणार नाही. नको तितक्या कागदांवर ते लिहून झालंय.

पाटी लागली तेव्हा मी आईला टॅक्सीने दादरला नेलं. आई आयुष्यभर लालबागला मसाला कांडायच्या डंकावर मिरच्या निवडायला जायची. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती फक्त स्वतःचं नाव लिहायला शिकली, पुढे शिकायला तिला वेळ मिळाला नाही. पाटीवरच्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. चाळीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी माझा पगार विचारला. होता तेवढाच आहे म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या चाळीत डोकं जागेवर असलेली ती एकच बाई.

शुक्रवार हा सहीचा दिवस. साहेबांचा सीए चेकबुक उघडून धरायचा, मी सही करायची. नाव नाही, रक्कम नाही, कोरे चेक. मोबाइलवर ओटीपी आला की मी मोठ्याने आकडे सांगायची आणि आतल्या खोलीत कोणीतरी ते टाकायचं. लोक आता मला विचारतात, बाई, तुम्ही वाचलं का नाही? बारावी झालेल्या ना तुम्ही?

त्यांना काय सांगू. माझा आजा अंगठा, माझा बाप अंगठा. बाप पगाराच्या दिवशी शाईचं बोट घेऊन घरी यायचा आणि भिंतीला पुसायचा. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. सही करताना माझी मान ताठ व्हायची. कशावर सही करतेय हे विचारणं म्हणजे आपल्याला सही नवीन आहे हे दाखवणं, असं मला वाटायचं. शिकलेली माणसं विचारत नाहीत, झरझर करतात, असं मी पाहिलं होतं. मीही झरझर केल्या.

काही वर्षं अशी गेली. मग एका दुपारी बँकेने पैसे न देता माझं कार्ड परत दिलं. कंपनीचं खातं नाही, माझं स्वतःचं. पगाराचं. खात्यावर टाच आली आहे, कर विभागाकडून, असं काउंटरवरचा माणूस म्हणाला. साहेबांना फोन लावला, उचलला नाही. सीएला लावला, तोही नाही. मी चालत घरी आले.

चाळीच्या जिन्यावर बायका उभ्या होत्या आणि आई खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. चेहरा फुललेला. "बघ गो," म्हणाली, "माजं नाव लावलानी दारावर."

दारावर नोटीस चिकटवलेली होती. कंपनीचा नोंदलेला पत्ता म्हणजे आमची खोली, हे मला तेव्हा कळलं. वर ठळक अक्षरात आईचं नाव. तिला तेवढंच वाचता येत होतं. चिकटवणाऱ्या माणसांना तिने पाणी दिलं होतं. ते गेल्यावर जिन्यावरच्या प्रत्येक बाईला बोलावून ते नाव दाखवलं होतं. बाकीच्यांना पुढचंही वाचता येत होतं, पण तिला सांगायची हिंमत कोणाची झाली नाही.

मी वाचलं. गिऱ्हाइकांच्या बिलात लावलेला कर कंपनीने गोळा केला होता. सरकारात भरला नव्हता. एका वर्षाचा नाही, सगळ्या वर्षांचा. त्यावर व्याज, त्यावर दंड. आकडा मी सांगत नाही. आमच्या चाळीचा अख्खा मजला विकला तरी फिटला नसता. कंपनी एकटीच्या मालकीची असल्यामुळे देणं मालकिणीचं. मालकिणीची जंगम, स्थावर मालमत्ता जप्त होऊ शकते. स्थावर म्हणजे ही खोली. चाळीचा पुनर्विकास ठरलेला. खोली गेली तर नवं घरही गेलं. आई आयुष्यभर ज्याची वाट बघत आली ते घर.

आईला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. सरकारी कागद आहे म्हटलं. तिने दार अर्ध्यावरच लोटलं, कागद दुमडू नये म्हणून.

साहेब आठवडाभर भेटले नाहीत. भेटले तेव्हा एकदम शांत होते. त्याच गादीवर बसलेले. मी उभी. ते म्हणाले, घाबरू नको, ह्यावर उपाय असतो, कायद्यातच असतो. मग पुढे वाकून अगदी मायेने म्हणाले, "तू दिवाळं काढ. कोर्टात सांग, माझ्याकडे काही नाही. तसंही तुझ्याकडे होतं काय, जायला?"

हे वाक्य मी तोंडपाठ करून ठेवलंय. शब्द ना शब्द.

वकील त्यांचा, फी त्यांची. मी फक्त शपथेवर सही करायची. खोली गेलीच तर रे रोडला त्यांचं लाकडाच्या वखारीजवळ गोडाऊन आहे, त्याच्या माळ्यावर आईला घेऊन राहा म्हणाले. खाली फिनेलचे पिंप, वर आम्ही. भाडं नको, तेवढी राखण होईल. आणि उगाच इकडे तिकडे बोलू नको. तुझ्या सह्या आहेत सगळीकडे. खटला झाला तर तुझ्यावर होईल, आई एकटी पडेल, तिचं वय काय आहे आता?

आईचं वय त्यांनी का विचारलं ते मला जिना उतरताना समजलं. माझी पाचावर धारण बसली.

मी दिवाळं काढायचा विचार केला नाही असं नाही. केला. रोज केला. सगळं संपवून टाकावं, नादार म्हणून शिक्का मारून घ्यावा आणि मोकळं व्हावं. चाळीखाली एक माणूस मोटरसायकल लावून उभा राहायला लागला होता. वर बघायचा, मी गॅलरीत आले की फोन कानाला लावायचा. ऑफिसातलं काम सुटल्यावर ओळखीच्या दोन ठिकाणी मी काम मागायला गेले, दोन्हीकडे आधीच साहेबांचा फोन गेलेला. किराणा उधार आणायला लागले. आईने नोटिशीबद्दल विचारणं बंद केलं. मला वाटतं तिला कळलं होतं.

आमच्या घरात दिवाळं हा शब्द नवा नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा वाण्याचं देणं राहिलं. वाणी स्वतः म्हणाला होता, सोडून दिलं. आईने सोडलं नाही. मिरच्या निवडून फेडलं. वाणी मेला तर त्याच्या मुलाला दिलं. अशा बाईच्या नावाने कोर्टात जाऊन सांगायचं की आम्ही बुडवलं. मी मनात ते वाक्य म्हणून बघायची आणि माझं तोंड कडू व्हायचं.

तरी मी वकिलाकडे गेले. गिरगावात, एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. त्याने कागद तयार ठेवले होते, इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. मी म्हटलं, मराठीत सांगा काय लिहिलंय. त्याने घड्याळाकडे पाहिलं, पण सांगितलं. मी अमुक, वय अमुक, शपथेवर सांगते की माझ्या धंद्यात, माझ्या गैरव्यवस्थापनामुळे, माझं नुकसान झालं आणि मला माझी देणी फेडता येत नाहीत.

चार वेळा माझं. सगळं माझं करून ठेवलं होतं. इतकं माझं मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

मी एकच विचारलं. ह्याच्यावर सही केली की सरकारचं देणं सुटेल ना?

वकील चुळबुळला. आधी म्हणाला, ते नंतर बघू. मी परत विचारलं. मग वैतागून म्हणाला, "बाई, सरकारी देणं नादारीत सुटत नाही. बाकीची देणी सुटतात."

बाकीचं देणं म्हणजे किराणा. माझ्यावर दुसरं देणंच नव्हतं.

मी अजून एक विचारलं. मग ह्या सहीने मोकळं कोण होणार? त्याने पेन पुढे सरकवलं. मी शपथेवर सांगितलं की धंदा माझा, की साहेबांचे हात वर. खोली जाणार, नाव जाणार, देणं राहणार, आणि वर माझ्याच तोंडची कबुली कोर्टात कायमची. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर संन्याशानेच आणायचा. विचार करून सांगते म्हटलं आणि उठले. तो मागून म्हणाला की साहेबांना हे आवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी दादरला गेले. खरं सांगते, भांडायला नव्हते गेले. हात जोडायलाच गेले होते. साहेब, तुम्ही थोडे थोडे भरा, मी कुठे काही बोलणार नाही, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. खाली ऑफिसची पाटी बदललेली होती. वर कोणा दुसऱ्याच बाईचं नाव, पुढे एंटरप्रायझेस. मी जिना चढले. दार उघडंच होतं.

आधी मला गादी दिसली. हिरवी. कपाटावर.

मग खुर्ची दिसली. खुर्चीत परळच्या हॉस्पिटलात आमच्याकडून झाडू मारणारी एक मुलगी बसली होती. मुलगी म्हणजे पंचविशीची, एका लेकराची आई. आमच्यातलीच, मला ताई म्हणायची. अंगावर नवी साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. पुढ्यात पितळी पाटी. समोर दोन अधिकारी, आधीचे नाहीत, दुसरे. ती पाठ केलेलं म्हणत होती. किती माणसं कामाला, कुठे कुठे काम, पुढे काय विचार. साहेब बाजूला हात बांधून उभे. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, ताई आली, ताई हिंमत देईल.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. भीती होती, ती तिथेच होती, पण माझ्यापुढे उभी राहायची ती बाजूला झाली. मी आत गेले. आवाज चढवला नाही. अधिकाऱ्यांना म्हटलं:

"ही कंपनी हिची नाही. आधीची माझी नव्हती. ह्या खुर्चीवर एक गादी असते, ती बघा कपाटावर आहे. आम्हाला बसवायचं असलं की ती काढतात."

एक अधिकारी मान वर करून कपाटाकडे बघायला लागला. साहेब हसले. ह्या आमच्याकडे पूर्वी होत्या, कर बुडवला, सध्या त्यांची मनःस्थिती बरी नाही, असं म्हणाले. अगदी सभ्य आवाजात. सीएने माझ्या दंडाला धरलं. मी खुर्चीतल्या मुलीकडे पाहिलं. तिचा हात खुर्चीखाली गेला होता, वेत चाचपत होता. मी तिला म्हटलं, "ऊठ. तुझ्या दाराला कागद लागायच्या आत ऊठ."

ती उठली नाही. रडायला लागली. ती उठली असं लिहायला मला आवडलं असतं. पण ती बसून राहिली आणि मला बाहेर काढलं. अधिकाऱ्यांनी काही लिहून घेतलं का, की चहा पिऊन गेले, मला माहीत नाही.

साहेब जिन्यापर्यंत आले. माझ्याशी खुर्चीवरून नाही, जिन्यावरून बोलले. "शोध," म्हणाले. "माझी सही कुठे सापडते का शोध. मी कुठेच नाही."

खरं आहे ते. सगळ्या कागदांत साहेब कुठेच नाहीत. मी आहे आणि माझी आई आहे.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. नोटिशीपासून रे रोडच्या माळ्यापर्यंत. ती रडेल, मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माजं नाव घेतलानी, तेव्हा मला कोनी इचारलानी?" मी नाही म्हटलं. "मग मला पन ने."

सोमवारी आम्ही दोघी माझगावला कर कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला बसवलं. लेखी जबाब देते म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि मला स्पष्ट सांगितलं. बाई, कोऱ्या चेकवर सह्या तुमच्या. खोट्या मालकीच्या कागदांवर सह्या तुमच्या. हा जबाब दिलात तर तुम्ही साक्षीदार ठराल की आरोपी, ह्याची हमी मी देऊ शकत नाही. खोलीवरची कारवाईही ह्याने थांबेल असं नाही. घरी जाऊन विचार करा.

मी म्हटलं, लिहून घ्या. तपासणीच्या दिवसापासून लिहून घ्या. गादीचा रंगसुद्धा लिहून घ्या.

त्याने लिहिलं. मी एकेक पान वाचलं. ओळ न् ओळ वाचली. समजलं नाही तिथे थांबवून विचारलं, परत विचारलं. मागे रांग लागली, कोणीतरी कुरकुरलं. मी मान वर केली नाही. मग सही केली. झरझर नाही, सावकाश. खाली साक्षीदार म्हणून आईने नाव लिहिलं. एकेक अक्षर जोर देऊन, कागद फाटेपर्यंत. ते नाव तिने स्वतः लिहिलेला त्या फायलीतला तो एकच कागद.

अजून काही झालेलं नाही. मोटरसायकलवाला अजून उभा असतो. आता त्याच्याबरोबर दुसराही असतो. काल फोन आला, नंबर ओळखीचा नव्हता. आवाजही ओळखीचा नव्हता. त्या माणसाने विचारलं, आई दिवसा एकटीच असते का घरी. मी फोन ठेवला आणि त्या फोनची तारीख, वेळ माझ्या जबाबाला जोडायला माझगावला निघाले.

खोली जाईल, कदाचित. मलाही आत टाकतील, कदाचित. नोटीस दारावर तशीच आहे, ती मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पण मला माझी देणी फेडता येत नाहीत, असं मी शपथेवर कधी म्हणणार नाही. जे मी खाल्लं नाही त्याचं दिवाळं मी काढणार नाही.

साहेब, तुमची चौकशी लागेल त्या दिवशी मला बोलावतील. खुर्ची दिली तर बसेन, नाही दिली तर उभ्याने सांगेन. तुम्ही कुठेच नाही म्हणालात ना. मी दाखवेन तुम्ही कुठे बसत होतात.